बिनसुईची लस

गणपतरावांचा भाजीवाल्याच्या काट्यावरही भरवसा नव्हता. पण लग्नाला जाताना बंड्याला कुत्र्यांच्या होस्टेलात ठेवायचं, तर खोकल्याची लस सक्तीची होती, म्हणून ते त्याला घेऊन नंदनवन भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे आले. बाईंनी बिनसुईची पिचकारी बंड्याच्या नाकाशी धरली, तसा गणपतरावांचा संशय बळावला.

"सुई नाही, काही नाही. नाकात नुसतं पाणी घालून राहिले काय, मॅडम?"

"काका, ही लस नाकातूनच देतात."

"आत जाते का नाही, मले पाहू द्या." चष्मा सावरत ते पार बंड्याच्या थोबाडाशी वाकले.

बाईंनी पिचकारी दाबली आणि बंड्या सणसणीत शिंकला.

 

गणपतरावांच्या हातात नॅपकिन देत बाई म्हणाल्या, "तुमची झाली, काका. आता बंड्याची करू."