शिडीवरची बाई

थर्माकोलची पांढरी शीट दोन्ही हातांनी धरून इंदू उन्हात उभी होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत शिडीवरची मृणाल संत्र्यांची पार वाट लावत होती.

“मावशी, शीट जरा डावीकडे. उजेड मृणालच्या तोंडावर पडू द्या,” कॅमेऱ्यामागून सौरभ ओरडला. इंदूने शीट वळवली. नागपूरच्या कॉलेजातली ही तीन पोरं सकाळच्या बसने सौंसरला उतरली होती, आपल्या सिनेमाच्या पोस्टरचा फोटो काढायला. सिनेमा त्यांनी परीक्षेसाठी केलेला, दिग्दर्शन पांढुर्ण्याच्या ऋतुजाचं. तिच्या वहीत पोस्टर आधीच काढून तयार होतं: शिडीच्या टोकावर संत्री तोडणारी मजूर बाई, मागे नुसतं आभाळ, खाली सिनेमाचं नाव. ती बाई झाली होती मृणाल. साडीवर गड्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, सगळं अगदी बरोबर. चूक एकच होती, आणि ती या शिकल्यासवरल्या पोरांच्या गावीही नव्हती. या बगीच्यात मजूर बाई शिडीवर चढतच नाही.

तोडायचं काम गड्यांचं. बाया खाली ढिगाशी बसून फळ निवडतात. मोठं कॅरेटमध्ये, बारीक चुरीच्या हलक्या ढिगात, मार लागलेलं बाजूला. इंदू बावीस वर्षं खाली बसली होती. गड्यांनी ओरबाडून फोडलेली फळं वेगळी काढण्यातच तिची बोटं झिजली. दरवर्षी तोड लागली की ती मुकादम गुणवंताला विचारायची, “भाऊ, यंदा मले तोडीवर घ्या न.” तो दरवर्षी नवं कारण द्यायचा. कधी बाईचा तोल जातो, कधी साडी अडकते, कधी मालकाला चालत नाही. यंदा तर त्याने कारणही दिलं नाही, साऱ्या बायांसमोर नुसता हसला. ते हसणं इंदूला आठवडाभर सलत होतं.

मृणालने आणखी एक फळ धरलं आणि हिसका मारून ओढलं. पानं गळाली, फळाच्या डोक्याला भोक पडलं.

आता मात्र इंदूला राहवेना. “अवं ताई, ओढू नको! देठ उपटून राहिली तू. परवापर्यंत सडते ते.”

“मग कसं तोडू?”

“मुठीत घ्याचं अन् मुरड द्याची. देठ फळाले राह्यला पायजे.”

मृणालने मुरड दिली ती डहाळीलाच. डहाळी कडकन मोडली. सौरभने कपाळाला हात लावला. ऋतुजा एकदा वहीकडे बघे, एकदा शीट धरलेल्या इंदूकडे.

“मावशी,” ती शेवटी म्हणाली, “तुम्हीच चढा ना. तुमचाच फोटो काढू.”

मृणाल तर वाटच बघत असावी. लाल मुंग्यांनी तिचा जीव मेटाकुटीला आणला होता. ती भराभर खाली आली आणि पाय चोळत बसली.

शेताच्या धुऱ्यावर तंबाखू मळत उभा असलेला गुणवंता तरातरा आला. “ते नाई चढनार.”

“का, काका?” ऋतुजाने विचारलं. “मृणाल चढली तेव्हा तुम्हीच शिडी धरली होती.”

“ते पाहुणी हाय. फोटोपुरती चढली, उतरली. हिले चढवलं त उद्या साऱ्या चढतीन!”

बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की ढिगाशी बसलेल्या बायांचे हात थांबले आहेत. बावीस वर्षं झाकून ठेवलेलं खरं कारण एका दमात बाहेर पडलं होतं. इंदूच्या अंगाची लाही लाही झाली. तिने पुढे होऊन थर्माकोलची शीट गुणवंताच्या हातात दिली.

“धरा, भाऊ. यायले उजेड लागते.”

शीट त्याच्या हातातच राहिली. इंदूने पदर खोचला आणि ती चढू लागली. खाली बघायचं नाही एवढं तिने मनाशी ठरवलं. वर पोचल्यावर तिने हात लांब केला. मूठ, मुरड, आणि फळ हिरव्या देठासकट हातात आलं. कुठे ओरखडासुद्धा नाही. बावीस वर्षांत तिने लाखभर संत्री हाताळली असतील, पण झाडावरून तोडलेलं हे पहिलंच. तिला असा आनंद झाला, की मोठ्याने हसू आलं.

“मावशी, हसू नका. जरा थकलेल्या दिसा,” सौरभ म्हणाला.

“काहून? आत्ता त चढली!”

“राहू दे सौरभ, असंच घे,” ऋतुजा म्हणाली. सौरभने पाचसहा फोटो काढले. कॅमेऱ्यात बघता बघता ऋतुजाने वही मिटून पिशवीत टाकली.

“झालं न आता? उतर खाली, इंदू,” गुणवंताचा आवाज चढला. “गडी येऊन राहिले तिकून.”

इंदूने ढिगाकडे मान वळवली. “तृप्ती, झोळी दे वं वर!”

तृप्ती उठली. तिने गुणवंताकडे पाहिलं, इंदूकडे पाहिलं. मग गड्यांची फळं भरायची झोळी उचलून ती शिडीपाशी आली आणि हात उंच करून उभी राहिली.

ऋतुजा गोंधळली. “मावशी, फोटो झाला. उतरा ना आता.”

इंदूने झोळी खांद्याला अडकवली आणि पुढची फांदी ओढून घेतली.

“तुमचा झाला, बाई. माह्यं झाड राह्यलं अजून.”