हिरव्या भिंतीची अधिष्ठात्री

बँकॉकमधल्या एका उत्तुंग कार्यालयीन इमारतीच्या दालनात झाडांनी मढवलेली भिंत होती आणि थोंगदी नावाचे वृद्ध माळी नऊ वर्षे तिची निगा राखत होते.

"काका, सोमवारी ही भिंत काढतोय. मोठा पडदा बसवायचाय," व्यवस्थापक वीरयुत म्हणाले. "तुम्हीही दुसरं काम बघा."

सोमवारी सकाळी थोंगदींनी सर्वांत दाट नेच्याभोवती तिथे देवीचा वास असलेल्या झाडाला गुंडाळतात तसे रंगीत रेशमी वस्त्र गुंडाळले, पुढ्यात नैवेद्याची लाल सरबताची बाटली नळीसह ठेवली आणि भक्तिभावाने हात जोडले. दुपारपर्यंत तेथे येणाऱ्याजाणाऱ्यांनी वाहिलेल्या अकरा बाटल्या आणि झेंडूच्या माळांची रास जमली. भिंत उतरवायला आलेले कामगार नमस्कार करून परत गेले. वीरयुतही पादत्राणे काढून आले.

"इथे देवी राहते, हे आधी नाही का सांगायचं, काका?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" असे म्हणून थोंगदी कात्री घेऊन निर्धास्तपणे शिडी चढू लागले, तोच वीरयुत किंचाळले, "उतरा खाली! देवीच्या डोक्यावर पाय? वर तिचे केस कापताय? आजपासून या भिंतीला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही घरी जा!"

थोंगदी उतरले. त्यांनी पानांना कान लावला आणि बराच वेळ मान डोलावली.

"काय म्हणतेय?" वीरयुतांनी हळूच विचारले.

"म्हणतेय, केस वाढले की डोकं खाजतं. अन् परक्याच्या हातून केस कापून घेणार नाही."

वीरयुतांनी देवीची क्षमा मागितली आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.