वाक्याचा शेजार

"वाक्याला स्वतःचा अर्थ नसतो. शेजार कसा मिळतो, त्यावर त्याची अब्रू ठरते," असं निबंधकार बाईंनी भर कचेरीत ठणकावलं. संपादक तेव्हा टेबलाखाली वाकून पेनाचं टोपण शोधत होते. तिथूनच ते म्हणाले, "बाई, अब्रू माझी चाललीये."

उद्याच्या लेखातलं एक वाक्य अडलं होतं: 'नगराध्यक्षांनी शहरात दिवे लावले.' संपादकांनी भीतीपोटी सगळा लेख नगराध्यक्षांना फोनवर आधीच वाचून दाखवला होता. आता साहेब जातीने येऊन बसले होते. वाक्य निघालं नाही, तर बाईंचं सदर बंद. सदर गेलं की बाईंना भांडायला फक्त नवरा उरणार होता, आणि त्याला कमी ऐकू यायचं.

"यात खोटं काय आहे?" बाईंनी विचारलं. "रस्त्यांवर दिवे तुम्हीच लावलेत ना?"

"मीच. एकट्याने. नगरसेवक तर विरोधात होते," नगराध्यक्ष म्हणाले. "पण त्याच्या आधी तुम्ही कोरडे नळ घातलेत. मग खड्डे. मग बंद पडलेला दवाखाना. आणि त्यावर म्हणता, दिवे लावले. लोक हसतील हो. निदान नळ तरी गाळा."

"पाणी आलं असतं तर गाळलं असतं."

संपादकांना टोपण सापडलं, त्याबरोबर तोडगाही. "असं करू, वाक्य सगळ्यात वर घेऊ. दिवे आधी, नळ-खड्डे मागून."

"घ्या की. लोक म्हणतील, दिवे लावले म्हणून खड्डे दिसले."

नगराध्यक्षांनी ते मनातल्या मनात वाचून पाहिलं. चेहरा उतरला.

"वाक्य जागचं हलणार नाही," बाई म्हणाल्या. "सदर बंद करायचं तर खुशाल करा. नाहीतर शेजार सुधारा. पाणी आणा, खड्डे बुजवा, दवाखाना उघडा. मी एक अक्षरही बदललं नाही, तरी तीच तुमची स्तुती होईल."

संपादकांनी लेख उचलला, खाली सही ठोकली आणि छपाईला धाडला. हे धाडस होतं की जेवायची वेळ झाली होती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नगराध्यक्ष तरातरा दारापर्यंत गेले. तिथून परत आले. आवाज एकदम घरगुती झाला होता.

"बाई, पाण्याचं काही जमायचं नाही. तेवढं 'नगराध्यक्षांनी'च्या जागी 'सर्व नगरसेवकांनी मिळून' कराल का?"