आतल्या खोलीतलं गाणं

अर्धांगाच्या झटक्याने शरयूताईंची वाचा गेली आणि दिगंबररावांनी हॉलमधल्या म्युझिक सिस्टीमच्या रिसीव्हरचा दुसरा झोन, म्हणजे वेगळा आवाज लावता येणारी दुसरी लाइन, त्यांच्या खोलीत काढून घेतला. वायर ओढून, भिंतीवर स्पीकर ठोकून मेकॅनिक म्हणाला, "काका, हॉलमध्ये तुमच्या बातम्या, आत काकूंची गाणी. मशीन एकच, पण कुणाचा कुणाला त्रास नाही."

गाणी शरयूताईंचीच होती. जन्मभर त्यांनी गाणं शिकवलं, त्या वेळी त्यांच्या आवाजात भरलेल्या कॅसेटी दिगंबररावांनी पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. स्वतःचा आवाज कानावर पडत राहिला की वाचा परत येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. सकाळच्या चहाला सुरू झालेलं गाणं दिवेलागणीला थांबायचं.

"गाणं लागलं की काकू रडतात हो," शरयूताईंना सांभाळणारी मंदा एकदा म्हणाली.

"ऐकतेय म्हणून रडतेय. चांगलंच आहे," असं म्हणून त्यांनी बातम्यांचा आवाज वाढवला.

सहा महिन्यांनी एका दुपारी मंदाने त्यांना घाईघाईने आत बोलावलं. शरयूताईंचे ओठ हलत होते. शब्द जड आले, पण स्पष्ट आले.

"बंद... करा."

दिगंबरराव तसेच हॉलमध्ये धावले आणि त्यांनी मुलीला फोन लावला. "अगं, आई बोलली. अगदी स्पष्ट बोलली."

"खरंच, बाबा? काय म्हणाली?"

सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि आतल्या खोलीकडे वळून पाहिलं. तिथे स्पीकरवर शरयूताई अजून गात होत्या.