शोधात न येणारं पान

"आलं का?" अपर्णाताईंनी कॅफेच्या दारातूनच विचारलं.

"अजून नाही," तुषार म्हणाला. त्याने सर्च इंजिनमध्ये पुन्हा 'उज्जैन' लिहिलं. मंदिरं आली, हॉटेलं आली, एक बंद पडलेलं कॉलेजही आलं. अपर्णाताईंच्या भैरवगढ कापडछपाईचं पान तेवढं नव्हतं.

"नाही तर नाही," असं म्हणून त्या खुर्चीत टेकल्या.

माधव नगरातल्या आपल्या सायबर कॅफेत बसून तुषारने बनवलेलं हे पहिलंच पान. त्यामुळे त्याची अवस्था पहिलटकरणीच्या नवऱ्यासारखी झाली होती. पण खरा घोर ताईंना होता. नवरा गेल्यापासून त्या आणि मुलगी ऋता दोघीच, आणि भैरवगढचा छोटा कारखाना कसाबसा चाललेला. दिल्लीच्या एका एक्स्पोर्टरने स्पष्ट सांगितलं होतं, माझी विदेशी गिऱ्हाइकं माल नेटवर शोधतात. महिनाअखेरपर्यंत तिथे सापडलात तर ऑर्डर, नाहीतर नमस्कार.

पानावरचा फोटो मात्र झकास जमला होता. तुषारला तो नदीवरच्या रामघाटावर काढायचा होता, पण ऋताला गर्दीत न्यायला ताई कधीच तयार नसत. शेवटी ती कारखान्यात चादर छापत असताना त्याने न सांगताच काढला. खाली मान, दाट भुवया, लाकडी ठप्प्यावर दाबलेला सहा बोटांचा हात.

"तो फोटो काढून टाक ना रे," ताई आजही म्हणाल्या.

"ताई, दिल्लीवाल्याला तोच तर पसंद आलाय. फोटो गेला की ऑर्डर गेली समजा."



महिना सरत आला. तुषारची झोप उडाली. पान पुन्हा पुन्हा नोंदवूनही सर्च इंजिन इकडे फिरकत का नाही? एका दुपारी त्याने सर्व्हरवरची एकेक फाइल उघडून पाहिली. त्यांत एक चिमुकली फाइल होती, त्याने न चढवलेली. कुठल्याही सर्च इंजिनने आत येऊ नये, एवढंच तिच्यात सांगितलं होतं.

ताई शेजारच्याच कॉम्प्युटरवर नव्या नक्षीचे फोटो चढवत होत्या. हे काम त्या त्याच्याकडूनच शिकल्या होत्या, आणि झपाट्याने शिकल्या होत्या.

"सापडलं, ताई. इंदूरच्या सर्व्हरवाल्यांनी घोळ घातलाय. सर्च इंजिनला आपणच दारातून परत पाठवत होतो."

"असू दे. त्यांनी काही सोचूनच ठेवली असेल ती फाइल."

"काय सोचून? उडवली पण मी."

ताईंचा हात कीबोर्डवरच राहिला. बरं केलंस, एवढंही त्या म्हणाल्या नाहीत. तुषारला वाईट वाटलं.

थोड्याच दिवसांत पान आलं, तेही पहिल्या दहांत. तुषारने स्कूटर थेट भैरवगढला पिटाळली. कारखान्याच्या मागच्या खोलीत ताई बॅग भरत होत्या. ऋता बाहेर रंग कालवत होती.

"कुठे निघालात?"

"पुण्याला, भावाकडे. थोडे दिवस."

"आत्ता? ताई, पान आलंय. आता तर लोक येतील."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि बॅगची चेन ओढू लागल्या.

बाहेर ऑटो थांबली. एक मध्यमवयीन जोडपं उतरलं. तुषारची छाती फुगली. तो लगबगीने पुढे झाला.

"माल देखने आए हैं? आइए, आइए."

"हम सागर शहर से आए हैं," तो माणूस खिशातून घडी केलेला कागद काढत म्हणाला. "हर महीने कम्प्यूटर पर उज्जैन लिखकर देखते हैं. इस बार ये फोटो निकला."

बाईने चादरींकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ ऋताजवळ गेली, तिचा रंगाने माखलेला हात हातात घेतला आणि तशीच खाली बसली.

तुषारने वळून पाहिलं. अपर्णाताई दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"पिछले सिंहस्थ में," ती बाई ऋताला म्हणाली, "रामघाट पर, बस एक पल को मेरा हाथ छूटा था, बेटा."