फोटोतला माणूस

"हाच त्यो. आधीच्या फोटूतबी हाच हुता," गेणबा म्हणाले आणि त्यांनी मोबाईलच्या काचेवर बोट टेकवलं. बोटाखाली फोटो सरकला तसा त्यांनी हात चटकन मागे घेतला.

संपतने वडिलांच्या हातून मोबाईल घेतला. फोटो कालचा, बुडापेस्टचा होता. त्याची मुलगी सोनम पुलाच्या कठड्याला टेकून नदी बघत होती. तिच्या मागे आठ-दहा पावलांवर एक टकला, रुंद खांद्यांचा गोरा माणूस उभा होता.

"आबा, तिकडं समदेच गोरे. तुमास्नी सारखेच दिसायचे."

हे संपतने बोलायला नको होतं. गेणबांनी चाळीस वर्षं मेंढरं राखली होती. दीडशे मेंढरांतलं एकेक ते तोंडावरून ओळखत, आणि दुसऱ्याच्या कळपात शिरलेलं आपलं कोकरू सगळ्यांदेखत उचलून आणत. यवतला जमीन घेऊन घर बांधलं, मेंढरं गेली, पण नजर काही गेली नव्हती.

"पयला फोटू काढ," ते म्हणाले.

प्रागच्या चौकात सोनम आइस्क्रीम खात होती. मागे, टोपी घालून, तोच. दुसऱ्या फोटोत ती कसल्याशा रांगेत होती आणि तो खांबाशी उभा राहून तिच्याकडेच बघत होता. तीन दिवस, तीन फोटो आणि माणूस एकच.

सोनम वर्षभरापूर्वी जर्मनीला शिकायला गेली होती. सुट्टी लागली तशी दोन मैत्रिणींबरोबर चार दिवसांच्या सहलीला निघाली. 'फिरताना बोलणं व्हायचं नाही, रोज एक फोटो पाठवते,' असं प्रागला पोचल्यावर तिने मेसेजमध्ये लिहिलं होतं, आणि फोटो रोज येत होता. तिची आई वच्छलाबाई तर त्या फोटोंवर बेहद्द खूश होती. आधी पोरगी दात काढून कॅमेऱ्यात बघायची. आता आपल्याच नादात असायची. नट्यांचे असतात तसले फोटो, असं तिने शेजारणींना दाखवून सांगितलंही होतं.

आता वच्छलाबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"लांडगा असाच चालतो," गेणबा हळू आवाजात म्हणाले. "घाई न्हाई करत. कडंकडंनं येतो."

संपतने फोन लावला. रिंग वाजली आणि कट झाली. लगेच इंग्रजीत मेसेज आला, 'बोलता येत नाही. लिहा.' घाईत असली की सोनम इंग्रजीतच लिहायची.

संपतने लिहिलं. तुझ्या मागे एक टकला माणूस आहे. तीन दिवस आहे. मागे बघू नकोस, त्याच्यापासून लांब हो.

मग उत्तर आलं, 'कुठे जाऊ?'

ते वाचून वच्छलाबाईने पदर तोंडाला लावला. पोर घाबरली होती.

गावातल्या सोपानरावांची ऋतिका व्हिएन्नात नोकरीला होती. सहलीचा शेवटचा मुक्काम तिच्याकडेच ठरला होता, आणि आज शेवटचा दिवस होता. संपतने तिला फोन लावला. ती कामावर होती, तिकडे दुपार चालली होती.

"काका, मी आठला सुटते. सोनमला ती निघाली तवाच समदं सांगितलंय. चावी दाराजवळच्या कुंडीखाली हाय."

"कोकरू आधी जाळीच्या आत घ्यायचं," गेणबा म्हणाले. "लांडग्याचं मागनं बघू. लिही, सरळ ऋतिकाच्या खोलीवर जा. लिही, चावी कुंडीखाली हाय. लिही, आठपातुर तिथं दुसरं कुणी न्हाई, आतनं कडी लाव."

संपतने सगळं लिहिलं. 'पत्ता पुन्हा पाठवा,' असं उत्तर आलं. भीतीने पोरीला काही सुचत नसणार. संपतने ऋतिकाकडून पत्ता मागवून घेतला, मजला आणि दाराच्या नंबरासकट पाठवला. उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र आलं.

वच्छलाबाईने बिरोबापुढे भंडारा वाहिला. पुढचा तासभर तिघांपैकी कुणी जागचं हललं नाही. चुलीवरचा चहा उकळून उकळून आटला.

मग अनोळखी नंबरावरून व्हिडिओ कॉल आला. संपतने उचलला. पडद्यावर तोच माणूस होता. तोच टकला, तेच खांदे.

"माझी पोर कुठं हाय?" गेणबा ओरडले.

मोबाईल तिकडे कुणाच्या तरी हातात गेला आणि सोनमचा चेहरा आला. हसरा, उन्हाने लाल झालेला.

"आबा, किती जोरात ओरडताय. हे आमच्या सहलीचे गाईड. मैत्रिणींनी ऐनवेळी टांग दिली, म्हणून मी बसच्या सहलीत शिरले. एकटी पोरगी म्हणून बिचारे चार दिवस नजर ठेवून हायेत माझ्यावर."

मागून त्या माणसाने हात जोडले. "नमस्ते," तो म्हणाला.

वच्छलाबाई रडता रडता हसायला लागली. गेणबांनी पडद्यातल्या त्या माणसाला कपाळाला हात लावून रामराम केला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि जिवाला फार बरंही वाटलं.

"कुठं हायेस आता?" संपतने विचारलं.

"ऋतिकाच्या बिल्डिंगखाली. ह्यांनीच सोडलं. फोनबी ह्यांचाच, द्यायचाय परत, बस खोळंबलीय. वर जाऊन जरा पडते."

"जा, जा. दमली असशील."

"आन् पप्पा, रागवू नका, आधी सांगितलं असतं तर तुम्ही माघारी बोलावलं असतं. प्रागला उतरले आन् माझा मोबाईल चोरीला गेला, म्हणून चार दिवसांत तुम्हाला एकबी फोटू धाडता आला न्हाई," सोनम म्हणाली, आणि फोन बंद झाला.