निकषात न बसलेला धडा

राज्याचे विज्ञानाचे निकष पुन्हा बदलले आणि जिल्ह्यातल्या शाळांचा अभ्यासक्रम त्यांना जुळवायचं काम मॅडमच्या गळ्यात पडलं. सहावीतला ‘बंद खोलीतले निखारे’ हा धडा त्यांनी सरळ काट मारून उडवला. विषारी वायू आता नववीत गेले होते.

“मॅडम, हा तेवढा राहू द्या हो. थंडी तोंडावर आलीय,” समितीतले जुने सर काकुळतीला येऊन म्हणाले.

“अहो सर, निकषात बसायला नको का? आणि मुलं काय कुठे पळून चाललीत? नववीत शिकतीलच की!”

सगळे हसले. तेवढ्यात चहा आला.

ऐन थंडीच्या कडाक्यात एका दुपारी वीज गेली आणि हीटर बंद पडला. मॅडम नव्या अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या. घरी एकट्या असलेल्या त्यांच्या लेकीने खिडक्या घट्ट लावून घेतल्या, गच्चीतली कोळशाची शेगडी खोलीत आणून पेटवली आणि ती पांघरूण घेऊन पडली.

डॉक्टर बाहेर आले ते मान खाली घालूनच. “बंद खोलीत शेगडी पेटवू नये, एवढंही शाळेत शिकवत नाहीत का हो हल्ली?”



“शिकवतात,” मॅडम म्हणाल्या. “नववीत. माझी सहावीत होती.”